रुमाल टाकून धरलेली जागा

उरण फाट्यावरून न्हावा-शेव्याकडे निघालेल्या ट्रेलरच्या मागे आपली गाडी अडकली, की बराच वेळ नजरेसमोर राहतो तो कंटेनरचा दरवाजा. त्यावर चार रोमन अक्षरं, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा बसवलेला एक आकडा. पहिली तीन अक्षरं मालकाची. चौथं बहुधा ‘यू’, म्हणजे हा मालाचा कंटेनर. मधले सहा आकडे हा मालकाच्या ताफ्यातला अनुक्रमांक. हा क्रमांक एकशे तेवीस असेल, तर दारावर नुसतं ‘१२३’ कधीच रंगवत नाहीत. तिथे ‘०००१२३’ असतं.

ही तीन शून्यं कशासाठी? एकशे तेविसाच्या किमतीत त्यांनी काहीच भर घातलेली नाही. पण चौकटीतला शेवटचा आकडा कसा येतो ते पाहिलं, की त्यांचं काम कळतं. तो पडताळणीचा आकडा आहे. आधीच्या दहा जागांपैकी प्रत्येक जागेला वजन दिलेलं आहे: १, २, ४, ८ असं दुप्पट होत दहाव्या जागेला ५१२. अक्षरांनाही ठरलेल्या किमती आहेत. प्रत्येक किमतीला तिच्या जागेच्या वजनाने गुणायचं, सगळी बेरीज करायची, अकराने भागायचं; जी बाकी उरते ती चौकटीत जाते (बाकी दहा उरली तर शून्य लिहितात). ‘०००१२३’ मधला १ आठव्या जागेवर आहे, त्याचं वजन १२८. दोनाचं २५६, तिनाचं ५१२. तिघांचे मिळून २१७६ होतात. आता शून्यं गाळा आणि ‘१२३’ थेट अक्षरांना चिकटवा. एक पाचव्या जागेवर सरकतो, वजन होतं १६. पुढे ३२ आणि ६४. बेरीज २७२. आकडे तेच, क्रम तोच, आणि उत्तर पार वेगळं.

म्हणजे त्या तीन शून्यांनी स्वतः काही दिलं नाही, पण १, २ आणि ३ यांना त्यांच्या जागेवरून हलू दिलं नाही. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. आज तिथून वर्षाला वीस फुटी मापाने ६० लाखांहून जास्त कंटेनर ये-जा करतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाची ओळख या अकरा खुणांवर उभी आहे.

पनवेलच्या स्टँडवर एसटी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण पाहिली आहेत. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे. त्याला तिकीट नाही, वजन नाही. पण तो आहे म्हणून ती जागा दुसऱ्या कुणाची होत नाही. संगणकाच्या कामात ज्याला ‘पॅडिंग’ म्हणतात ते हेच. ठरलेल्या रुंदीपेक्षा मजकूर कमी पडला, तर उरलेल्या जागांवर शून्य, टिंब किंवा कोरी जागा भरून रुंदी पूर्ण करायची. डावीकडे भरलं तर मजकूर उजव्या कडेला टेकतो. उजवीकडे भरलं तर डाव्या.

जुन्या काळी हे टाळताच येत नसे. ऐंशी रकान्यांच्या भोकाच्या कार्डावर अमुक ते तमुक रकाना रकमेसाठी, पुढचे वीस नावासाठी, अशी वाटणी असे. यंत्राला ‘रक्कम’ हा शब्द कळत नव्हता, त्याला फक्त रकान्याचा क्रमांक कळत होता. म्हणून रकमेच्या डावीकडे शून्यं आणि नावाच्या उजवीकडे कोऱ्या जागा, ही शिस्त बसली. कार्डं गेली, शिस्त राहिली. ती कुठे कुठे राहिली आहे ते आपल्या खिशातच बघता येतं.

बेलापूरला रेल्वे स्थानकाच्या इमारतींतच स्टेट बँकेचं माहिती-तंत्रज्ञानाचं मोठं केंद्र आहे. बँकेचा आयएफएससी कोड अकरा खुणांचा असतो: चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, मग सहा जागा शाखेसाठी. स्टेट बँकेच्या फोर्टमधल्या मुंबई मुख्य शाखेचा कोड ‘एसबीआयएन ००००३००’. यात सहा शून्यं आहेत, आणि ती सगळी एका जातीची नाहीत. पहिलं शून्य पुढे कधी गरज पडली तर असावी म्हणून सगळ्याच बँकांच्या कोडमध्ये राखून ठेवलेली जागा आहे. पुढची तीन ही भरणाची, कारण शाखेचा क्रमांक ३०० आहे आणि जागा सहा आहेत. शेवटची दोन मात्र खरी, तीनशेच्या पोटातली. फॉर्म भरताना आपण एका दमात ‘शून्य शून्य शून्य शून्य तीन शून्य शून्य’ लिहून जातो, तेव्हा तीन वेगवेगळ्या कामांची शून्यं एकाच आकाराने लिहीत असतो. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेला नऊ आकड्यांचा कोडही असाच: मुंबईसाठी ४००, स्टेट बँकेसाठी ००२, मग शाखा.

रुमाल नसला तर काय होतं, ते नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला सेक्टरांच्या यादीत दिसतं. पत्ता भरताना सेक्टर निवडायची यादी उघडावी, तर ती १, १०, ११, १२ अशी एकोणिसापर्यंत जाते आणि मग २ येतो. यादी चुकलेली नसते. संगणकाने ते आकडे मजकूर म्हणून लावलेले असतात, आणि मजकूर लावायची रीत शब्दकोशाची. शब्दकोशात ‘कमलाकर’ हा ‘काका’च्या आधी येतो, तो लांब आहे म्हणून मागे जात नाही. पहिली खूण बघायची, सारखी असली तर दुसरी. ‘१०’ ची पहिली खूण १ आहे, म्हणून तो ‘२’ च्या आधी. ‘०१’, ‘०२’, ‘१०’ असं लिहिलं, की शब्दकोशाचा क्रम आणि मोजणीचा क्रम एक होतात.

पण त्यातही एक खाच आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, चार्ल्स कोरिया यांनी अंगणांभोवती आखलेली ती वसाहत, सेक्टर ‘आठ-बी’ मध्ये येते. रोमन लिपीत हा पत्ता दोन खुणांचा: एक आकडा, एक अक्षर. सगळे सेक्टर दोन खुणांचे करा असं सांगितलं, तर भरण करणारं साधन ‘आठ-बी’ ला हातच लावत नाही. दोन खुणा आधीच आहेत. मग ‘०८’ वर राहतो आणि ‘आठ-बी’ यादीच्या पार तळाशी, विशी-तिशीतल्या सेक्टरांच्याही खाली जातो. आकडा आणि अक्षर आधी सुटे करून फक्त आकड्याला शून्य लावावं लागतं. लांबी मोजणारं साधन आणि अर्थ जाणणारा माणूस यांच्यातलं अंतर इतक्या छोट्या ठिकाणी उघडं पडतं.

उलटा अपघात जास्त वेळा होतो. धरलेली जागा कुणीतरी रिकामी समजून रुमाल काढून टाकतं. एक्सेलमध्ये ०२२ लिहा, ते २२ करून दाखवतं. चेकचा क्रमांक ००००४५ लिहा, ४५ उरतो. त्याला वाटतं ही संख्या आहे, आणि संख्येला डावीकडची शून्यं लागत नाहीत. आधी एक उभं अवतरणचिन्ह टाकलं, की तो मजकूर ठरतो आणि शून्यं टिकतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये कितीतरी मराठी घरं आहेत. तिथला एक पिनकोड ०८८२०. तो एक्सेलमध्ये ८८२० होतो आणि दिवाळीच्या फराळाच्या पार्सलांची यादी चार आकडी पत्त्यांनी भरते. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा पहिला आकडा देशातल्या विभागाचा ठेवला गेला आणि विभाग एकापासून मोजले गेले. नऊ लष्करी टपालासाठी. शून्याने सुरू होणारा पिनकोडच नाही. वाशीचा ४००७०३ कुठल्याही तक्त्यात टाका, सहाच्या सहा आकडे जागेवर राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या एका माणसाच्या आखणीचा हा गुण आहे, आणि पन्नास वर्षं झाली तरी तो रोज उपयोगी पडतो.

आता त्या भरण करणाऱ्या साधनाकडेच वळू. काम असं: मला एक मजकूर दे, किती रुंदी हवी ते सांग, आणि कशाने भरू ते सांग. मग मजकुराची लांबी मोजायची, हव्या रुंदीतून वजा करायची, आणि जितके उरले तितक्या वेळा डाव्या अंगाला भरणाची खूण जोडायची. लांबी आधीच जास्त असेल तर काही करायचं नाही. मजकूर कापायचा तर मुळीच नाही. रांग बिघडली तर डोळ्याला खटकेल, पण माहिती शाबूत राहील. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

जावास्क्रिप्ट या भाषेत बरीच वर्षं हे तयार मिळत नव्हतं. अझेर कोचुलू या तुर्की प्रोग्रॅमरने ते अकरा ओळींत लिहिलं आणि ‘लेफ्ट-पॅड’ या नावाने एनपीएम या सार्वजनिक कोठारात ठेवलं. ज्याला लागेल त्याने नाव लिहावं, कोठार ते आणून देतं. त्या अकरा ओळींतली एक ओळ मला फार आवडते. भरणाची खूण दिली नसेल तर कोरी जागा वापर, असं ती सांगते. पण या भाषेत ‘काही दिलं नाही’ आणि ‘शून्य दिलं’ या दोन गोष्टी तपासताना एकाच पारड्यात पडतात; शून्य म्हणजे नसल्यातच जमा. म्हणून त्या ओळीत दुसरी अट घालावी लागली: काही नाही, आणि ते शून्यही नाही, तरच कोरी जागा. ही अट विसरली, तर ‘शून्यांनी भर’ असं सांगणाऱ्याला कोऱ्या जागा मिळाल्या असत्या, आणि चूक कुठे आहे ते शोधताना दुपार गेली असती. शून्य हे काहीतरी आहे, हे यंत्राला बजावून सांगणारी ती ओळ आहे.

मार्च २०१६ मध्ये भांडण झालं ते भलत्याच गोष्टीवरून. कोचुलूचं ‘किक’ नावाचं आणखी एक साधन त्याच कोठारात होतं. त्याच नावाच्या, निरोप पाठवण्याचं ॲप चालवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीला ते नाव हवं होतं. त्याने नकार दिला. कोठाराने नाव कंपनीकडे सोपवलं. तेव्हा कोचुलूने आपली सगळी साधनं, अडीचशेहून जास्त, तिथून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅडही गेलं.

तारीख अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २२ मार्च, दुपारी अडीचचा सुमार; आपल्याकडे २३ तारखेच्या पहाटेचे तीन. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी कामं असतात, त्यांच्यासाठी ती भर कामाची वेळ. जगभर ठिकठिकाणी प्रोग्रॅम बांधायला घेतले की एकच निरोप यायला लागला: लेफ्ट-पॅड सापडत नाही. ज्यांना हा निरोप येत होता त्यांतल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅड कधी मागितलंच नव्हतं. त्यांनी मागितलं होतं बॅबेल, नव्या जावास्क्रिप्टचं जुन्यात रूपांतर करणारं मोठं साधन. बॅबेल चूक दाखवताना प्रोग्रॅमच्या ओळी क्रमांकांसह छापतं. ओळींचे क्रमांक छापायला त्याने एक छोटं साधन घेतलं होतं, आणि नववी ओळ दहावीच्या वर नीट रांगेत बसावी म्हणून त्या छोट्या साधनाने लेफ्ट-पॅड घेतलं होतं. नऊच्या डावीकडे एक कोरी जागा, एवढंच तिथलं काम. तेवढ्यासाठी लेफ्ट-पॅड आधीच्या महिन्यात सुमारे २५ लाख वेळा उतरवलं गेलं होतं.

दहा मिनिटांत दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने तसंच साधन त्याच नावाने ठेवलं. तरी गाडं पुढे सरेना, कारण साखळीतल्या कितीतरी साधनांनी नेमकी जुनी आवृत्ती मागितली होती आणि नव्याचा क्रमांक वेगळा होता. शेवटी कोठारचालकांनी आपला नियम बाजूला ठेवून काढून टाकलेली आवृत्ती परत जागेवर ठेवली. सगळं मिळून सुमारे अडीच तास. त्यानंतर नियमच बदलला: ठेवून चोवीस तास उलटलेलं आणि दुसरे ज्यावर विसंबून आहेत असं साधन एकट्याच्या मर्जीने काढता येणार नाही, असं तेव्हा ठरलं.

तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, की अकरा ओळी स्वतः लिहिता येत नाहीत ते कसले प्रोग्रॅमर. मला हे पटत नाही. वर सांगितलेली शून्याची अट एकदा कुणीतरी नीट विचार करून लिहिली असेल, तर ती पुन्हा पुन्हा प्रत्येकाने चुकत शिकण्यात अर्थ नाही. तयार भाग घेणं हा आळस नव्हे. चूक होती ती कोठाराच्या रचनेत. लाखो लोक ज्या वाटेने रोज जातात तिच्यातला दगड एका माणसाच्या हाती होता, त्या माणसाला त्याचा मोबदला नव्हता, आणि वाटेने जाणाऱ्यांना तो दगड तिथे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

जावास्क्रिप्टमध्ये हे काम आतच बसवावं, असा प्रस्ताव या घटनेच्या आधीपासून चालू होता. २०१७ च्या प्रमाण आवृत्तीत तो आला. आधी नावं ‘डावीकडे भर’ आणि ‘उजवीकडे भर’ अशा अर्थाची होती. ती बदलून ‘पॅडस्टार्ट’ आणि ‘पॅडएंड’ केली, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी. उर्दू, अरबी, हिब्रू उजवीकडून सुरू होतात. त्यांची सुरुवात म्हणजे डावी बाजू नव्हे. इंग्रजीपलीकडे बघून केलेला हा बदल योग्यच होता. मराठीची अडचण मात्र दिशेची नाही. ती लांबीची आहे, आणि ती तिथे सुटलेली नाही.

ट्रान्स-हार्बर आणि हार्बर मार्गावरच्या स्थानकांची नावं घेऊन बघा. प्रत्येक नाव दहा खुणांच्या रुंदीत बसवायचं आणि पुढे आकडा छापायचा, असं ठरवलं. ‘तुर्भे’ म्हणताना आपण दोन अक्षरं मोजतो: तु, र्भे. शाळेत बाईंनी अशीच मोजायला शिकवलं. पॅडएंड मोजतं सहा: त, उकार, र, हलन्ताची खूण, भ, मात्रा. युनिकोडमध्ये देवनागरी साठवायची रीतच अशी, प्रत्येक सुटी खूण वेगळी. ‘घणसोली’ त्याच्या लेखी घ, ण, स, ओकार, ल, ईकार, म्हणजे सहाच. म्हणून दोन अक्षरांच्या तुर्भेला आणि चार अक्षरांच्या घणसोलीला ते सारख्याच चार कोऱ्या जागा जोडतं. ‘कोपरखैरणे’ नऊ खुणांचं, त्याला एक जागा मिळते. अक्षरांच्या हिशोबाने तुर्भेची ओळ सहावर संपते, कोपरखैरण्याची सातवर, घणसोलीची आठवर. आकड्यांचा रकाना नागमोडी होतो.

अक्षर म्हणजे काय हे युनिकोडलाही टप्प्याटप्प्याने सांगावं लागलं. वाचकाला एक वाटणारी खूण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचे नियम त्यांनी केलेले आहेत. पण २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत ते जोडाक्षर फोडत असत. त्या नियमांनी तुर्भे तीन तुकड्यांचं होतं: तु, र्, भे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने व्यंजन, हलन्त आणि पुढचं व्यंजन एकत्र ठेवायचा नियम घातला, आणि तुर्भे दोन अक्षरांचं झालं. आपल्या शाळेतली मोजणी प्रमाणग्रंथात पोचली, याचा मला खरोखर आनंद आहे. अर्थात जुनी साधनं जुन्याच नियमाने मोजत राहतात.

शून्यांनी भरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरी ७ च्या डावीकडे इंग्रजी शून्य लावलं, तर डोळ्याला थोडंसंच विचित्र दिसतं, पण यंत्राला ते शून्य वेगळंच आहे. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६. शोधायला गेलं तर ‘०७’ सापडत नाही, क्रम लावायला गेलं तर ते सगळ्यांच्या वर जाऊन बसतं.

हे कुणासाठी महत्त्वाचं आहे? वाशीच्या घाऊक बाजारात, ज्याचे गाळे तुर्भ्याला लागून आहेत, शेतकऱ्याच्या हातात मालाच्या विक्रीची पट्टी पडते. कांदा, भेंडी, कोथिंबीर. पुढे वजन, भाव, रक्कम. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. हाताने लिहिलेल्या पट्टीत मेहताजी एककाखाली एकक, दहमाखाली दहम लिहितो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. तीच पट्टी प्रोग्रॅमने छापली आणि नावांमागे कोऱ्या जागा मोजून भरल्या, तर दोन अक्षरांच्या ‘भेंडी’ला आणि तीन अक्षरांच्या ‘बटाटा’ला सारखंच भरण मिळतं, कारण दोन्ही पाचच खुणांचे. रकमेचे आकडे एकाखाली एक राहत नाहीत. वाचणाऱ्याचं बोट वरून खाली येताना शेजारच्या रकान्यात घसरतं. मराठी अक्षरांची रुंदीही सारखी नसते, ‘र’ आणि ‘क्ष’ कधी एका मापात बसत नाहीत, त्यामुळे नुसती अक्षरमोजणी सुधारून भागत नाही. तिथे कोऱ्या जागा भरायच्याच नाहीत. रकान्याची कड कागदावर किती मिलिमीटरवर आहे ते छापणाऱ्या साधनाला सांगायचं आणि रक्कम उजवीकडून त्या कडेला लावायची.

असा प्रोग्रॅम लिहिणारं कुणी हे वाचत असेल, तर चाचणीसाठी एक ओळ ‘तुर्भे’ची घ्यावी, एक ‘कोपरखैरणे’ची, आणि पुढे रकमा अनुक्रमे ९ आणि १०,००० ठेवाव्यात. कागद छापून हातात घ्यावा आणि उजव्या कडेला पट्टी लावून बघावं, नऊ शेवटच्या शून्याच्या बरोबर वर येतो का.